भराव

रामजी मांडवकर गेला तेव्हापासून त्याची जीप खळ्याच्या कडेला फणसाखाली उभी होती. रामजी होता तोवर ती खेडच्या एसटी डेपोपासून गावापर्यंत वडाप करायची. शेवटची एसटी चुकलेली माणसं, कोंबड्यांची डालगी, कौलं, बाळंतिणी, सगळं तिनं वाहिलं. नंतर तिच्या छपराचं टप सडलं, टायर जमिनीत रुतले, सीटच्या काथ्यात उंदरांनी पोरं घातली. रामजीची सून चंपा बॉनेटवर आमसुलं वाळत घालायची आणि ड्रायव्हरच्या जागी कोंबडी खुडूक बसवायची. तिच्या लेखी जीप तेवढ्याच कामाची होती.

रामजीचा मुलगा विनोद जयगडच्या बंदरात ट्रेलर चालवायचा. वर्षानुवर्षं हादरे खाऊन त्याच्या कमरेतली गादी सरकली. डॉक्टरांनी लांबचं चालवणं बंद करायला सांगितलं, आणि शिमग्याला गावी आलेला विनोद परत गेलाच नाही.

घरात त्याला जागा होती, काम नव्हतं. इतकी वर्षं शेत चंपानं एकटीनं केलेलं. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठला बांध खेकड्यांनी पोखरलाय, कुणाला कधी सांगावं म्हणजे माणूस वेळेला येतं, सगळं तिच्या अंगात मुरलेलं. विनोद काही करायला गेला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे वो, तुमची कंबर." ती मायेनंच म्हणायची. पण विनोदला वाटायचं, आपण आपल्याच घरी पाहुणे आलोय. स्वतःच्या घरात कोयती कुठे ठेवतात हेही त्याला विचारावं लागायचं.

एका सकाळी त्यानं कोंबडी उठवली, आमसुलं सुपात भरली आणि बॉनेट उघडलं.

त्यानंतर तो माणूस दुसरा झाला. कमरेला पट्टा आवळून तो जीपखाली शिरायचा तो जेवायला हाक मारली की बाहेर यायचा. गंजलेले बोल्ट आधी रॉकेलनं, मग घणानं, शेवटी ग्राइंडरनं काढले. टप आणि पत्रा उतरवून चेसिस उघडी केली तेव्हा मागच्या दोन आडव्या पट्ट्या बिस्किटासारख्या हातात आल्या. त्या कापून त्यानं नव्या जोडल्या, रेड ऑक्साईड मारला. स्प्रिंगचे मोडके पाटे बदलले. पोपडे धरलेला रंग खरवडताना खाली बापाच्या हातचा निळा रंग लागला, तर तो बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसला. मग त्यावरही पॉलिशपेपर चालवला.

आणि नुसती दुरुस्ती करून त्याचं भागेना. जुन्या इंजिनाला डोंगरावरच्या सड्याची चढण दम काढायला लावायची, म्हणून चिपळूणच्या भंगारातून मोठं इंजिन ठरवलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, स्टिअरिंग हलकं, टायर रुंद आणि खोल नक्षीचे, पुढच्या बंपरवर लोखंडी दोराची विंच. "पावसात वाडीतून कुणाला उचलून न्यायची वेळ आली तर उपयोगी पडंल," असं तो चंपाला सांगायचा. खरं म्हणजे बापाची गाडी बापापेक्षा चांगली चालवत सड्यावर चढवायची, एवढंच त्याच्या डोळ्यापुढे होतं.

अडचण आली ती इंजिन घरापर्यंत आणायची. रस्ता आणि विनोदचं घर यांच्यामध्ये पऱ्या होता, डोंगरातून उतरणारा ओढा. उन्हाळ्यात कोरडा ठाक, आषाढात छातीइतका. टेम्पोवाला धोंड्यांतून गाडी घालायला तयार होईना. मग विनोदनं ऑइलची दोन बॅरलं आणली, त्यांचे तळ कापले, पऱ्याच्या पात्रात ती नळासारखी शेजारी शेजारी आडवी ठेवली आणि वर चिऱ्यांचे तुकडे आणि माती ओतून चोपून भराव घातला. टेम्पो त्यावरून आरामात आला. चेनकुप्पीच्या साखळीला टांगलेलं इंजिन खाली उतरताना विनोदच्या तोंडावर जे हसू होतं, ते चंपानं त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिनं तेव्हाच सांगितलं होतं. "मृगाच्या आधी भराव काढा हां. बॅरलातनं ते पानी जायाचं नाय."

"काढतो ना."

पऱ्या तिथून खाली वळण घ्यायचा, बांबूच्या बेटामागे दिसेनासा व्हायचा, आणि त्याच्या काठाला खालच्या बौद्धवाडीतल्या गंगुबाई सकपाळचा मळा होता. साठीच्या पुढची बाई. मुलगा स्वरूप मुंबईला एका इस्पितळात नोकरीला, सून-नातवंडं तिकडेच. दाढ पेरून रोपं करण्यापासून लावणीपर्यंत भाताचा मळा गंगुबाईच सांभाळायची.

मृगाच्या तोंडावर ती विनोदला एसटी थांब्यावर भेटली. पुण्याहून येणारं एक्सलच्या ऑइल-सीलचं पार्सल एसटीनं येणार होतं, म्हणून तो उभा होता. गंगुबाईच्या डोक्यावर खताची पिशवी होती.

"भराव काढलास ना रे बाबा?" तिनं विचारलं. "मी दाढ पेरलीय."

"काढला, काकी."

घरी गेल्यावर काढायचाच आहे, मग आत्ता म्हणायला काय हरकत, असं त्याला वाटलं. त्यात खोटं बोलल्यासारखं त्याला काहीच वाटलं नाही. एसटी आली, पार्सल आलं. घरी येऊन त्यानं ते तिथेच खळ्यात फोडलं आणि पुढचा एक्सल जोडायला घेतला. भराव दुसऱ्या दिवसावर गेला.

पाऊस लागला. पहिले काही दिवस पाणी बॅरलांतून सुरळीत गेलं, तेव्हा विनोदला वाटलं, बघा, जातंय की. चंपा दाढीत पाणी खेळवायला जाताना भरावावरून चालायची आणि घरी आल्यावर पहार आणून पडवीत त्याच्या समोर टेकवून ठेवायची. तो म्हणायचा, "गिअरबॉक्स उघडा पडलाय, पानी शिरंल त्यात. हे झाकलं की लगेच." झाकायला ताडपत्री होती. पण उघड्या गिअरबॉक्सपुढून उठवत नव्हतं, हे खरं.

आर्द्रा नक्षत्रात एकदा रात्रभर पाऊस कोसळला. विनोद सकाळी उठून पडवीत आला, तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाऊस तर धो धो ओतत होता, पण पऱ्याचा आवाज नव्हता.

तो पहार घेऊन धावला. भरावाच्या वरच्या अंगाला तळं झालं होतं. उंबराची एक मोडकी फांदी बॅरलांच्या तोंडाशी आडवी बसली होती, तिला पाला, प्लास्टिक, शेतभाजणीसाठी तोडलेल्या कवळाच्या काटक्या अडकून बूच बसलं होतं. तांबडं पाणी डावा काठ फोडून बांबूच्या बेटाच्या बाजूनं सरळ खाली चाललं होतं. विनोदनं फांदीला पहार घातली आणि सगळा जोर लावला. कमरेतून कळ डोक्यात गेली. फांदी हलली, मग पाण्यानंच पुढचं काम केलं. भराव मधोमध फाटला, चिरे गडगडले, दोन्ही बॅरलं उचलून पाण्यानं वळणापलीकडे नेली. बघता बघता पऱ्या जसा होता तसा झाला, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

बेटामागे तो गेला तेव्हा गंगुबाई मळ्यात होती. प्लास्टिकची खोळ डोक्यावरून मागे सरकली होती, केस तोंडाला चिकटले होते. काल जिथे पोपटी दाढ होती तिथे आता वाळूमातीचा तांबडा रेवा पसरला होता, गोटे होते, मधूनच एखादं हिरवं पातं. बाई गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी रेवा उकरत होती आणि सापडेल तो रोपांचा तरवा डाव्या मुठीत धरत होती. मूठ भरलेली नव्हती.

"बघ रे विनोद," ती म्हणाली. "पऱ्यानं वाट सोडली. एवढ्या वर्षांत कधी सोडली नव्हती."

"कशी काय सोडली?" विनोदनं विचारलं.

तोंडातून शब्द गेला आणि तो स्वतःलाच ऐकू आला. त्याच क्षणी सांगायचं होतं, तर सांगता आलं असतं. तो तिच्या शेजारी बसला आणि रेवा उकरायला लागला.

एक बॅरल पुढे कुठे गेलं ते कळलं नाही. दुसरं बांबूच्या मुळ्यांत अडकलेलं त्याला परतताना दिसलं. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. मग ते सोडवून, झाडीतून, मागच्या वाटेनं ओढत घरी आणलं. वजन उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलेल्या माणसानं ते दम खात, शेवटी चार पायांवर रांगत चढवलं आणि गोठ्यामागे जुन्या टायरांखाली दडपलं. तो उठून वळला तर चंपा शेणाच्या हातांनी उभी होती.

"कुठं गावलं?"

"बांबूत."

"मग हितं कशाला आनलंत?"

विनोदनं वरचा टायर सरकवून नीट बसवला. चंपानं हात धुतले, त्याच्या पाठीचा चिखल पदरानं पुसला आणि चहा टाकायला आत गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी तो स्वतःच्या दाढीतला तरवा गंगुबाईकडे घेऊन गेला. गावात ज्याच्याकडे उरेल तो देतोच, पण उरेल हे लावणी संपत आल्यावर कळतं. विनोदनं आधीच दिला, आणि सढळ हातानं दिला. चंपा नुसतं म्हणाली, "आपली वरची दोन कुणगी पडीक ऱ्हातील." आणि तिनंच जुड्या बांधून दिल्या.

गंगुबाईला ते दान फार मोठं वाटलं. रेशनच्या दुकानात, थांब्यावर, विहिरीवर ती सांगत सुटली. "वरच्या वाडीचा असून विनोदनं पयला हात दिला." संध्याकाळी ती पातेलीभर खेकडे घेऊन आली. लावणीच्या दिवसांत दमलेल्या बाईनं कंदील घेऊन खाचरांत धरलेले. खळ्याच्या कडेलाच उभी राहिली.

"आत ये गो काकी," चंपा म्हणाली.

"नको, पाय चिखलाचं हायत. विनोदला आवडतात ना? बापूस त्याचा लय खायाचा." मग जीपकडे बघून, "चांगली केलीस रे. रामजीदादा बघायाला पायजे होता."

रात्री चंपानं खेकड्याचं कालवण वाढलं. विनोदला नांगी फोडता येईना. चंपानं ती आपल्या ताटात घेतली, फोडली आणि मांस काढून त्याच्या भातावर ठेवलं. तो भात तसाच उष्टा राहिला.

पुढच्या रविवारी स्वरूप लावणीसाठी मुंबईहून आला आणि प्रकरण वाढलं. त्यानं पऱ्याच्या काठाकाठानं वर चालत जाऊन पाहिलं. विनोदच्या घराच्याही वर, उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना जेसीबीनं दरड कापून माती काठाला ढकलली होती. तिचा काही भाग पावसानं खाली आला होता. जेसीबी चालवत होता विनोदच्याच वाडीतला लवू. तिशीच्या आतला पोरगा, लग्न होऊन वर्ष झालेला, खेडच्या विनीतशेठकडे मशीनवर नोकरीला.

मळ्याच्या बांधावर माणसं जमली. धोंडूआबांना बोलावणं गेलं. आबा पोलीस पाटलाच्या पदावरून उतरले होते, पण गावची भांडणं अजून त्यांच्याच पुढे यायची. स्वरूपनं येता क्षणी लवूच्या शर्टाला हात घातला.

"माती कुठं टाकायची ते कळत नव्हतं? का खाली कुनाचं शेत हाय ते वरनं दिसतच नाय तुमाला?"

"सोड स्वरूप," लवू म्हणाला. त्यानं हात उचलला नाही. "मी शेठनं सांगितली तिथं टाकली. आनि ती माती तिथंच हाय, वाईच घसरलीय फक्त. त्यानं पऱ्या तुंबत नाय."

"मग काय देवानं तुंबवला?"

आबांनी दोघांना बाजूला केलं. मग त्यांनी मान वळवली. "विनोद, तुझं घर काठाला. तू बघितला असशील. पानी तुंबलं ते लवूच्या मातीनं काय?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गंगुबाईही बघत होती, भरवशानं. पाऊस थांबला होता आणि चिखलात बेडकं ओरडत होती.  'नाय' म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता.

"असंल," तो म्हणाला.

लवूनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपल्याकडूनच काही पाहायचं राहून गेलं काय, अशा चेहऱ्यानं.

गावानं ठरवलं की लवू मशीनवर असेल तर रस्त्याचं पुढचं काम करू द्यायचं नाही. विनीतशेठला गावाशी भांडण नको होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी लवूकडून किल्ली काढून घेतली.

लावणीच्या ऐन भरात माणूस मिळत नव्हतं. चंपानं वाडीत शब्द टाकून ठेवला होता, आणि एका सकाळी बांधावर येऊन उभा राहिला तो लवू. खांद्यावर पंचा, हातात जेवणाचा डबा.

"वैनी, मानूस पायजे म्हनत होतात?"

चंपानं विनोदकडे पाहिलं. विनोद पॉवर टिलरला तेल घालत होता. त्याचं तेल टाकीबाहेर सांडलं.

"ये," चंपाच म्हणाली.

दिवसभर लवू त्यांच्या मळ्यात राबला. मशीनवर बसून सवय मोडलेली, दुपारपर्यंत त्याचे तळवे फुटले, तरी तो चिखलणीच्या मागे मागे जुड्या फेकत राहिला. कमरेमुळे विनोदला वाकवत नव्हतं, तर लवू म्हणायचा, "दादा, तू बांधावर बस. मी हाय." जेवताना त्यानं आपल्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी विनोदच्या भाकरीवर घातली.

"तुझ्यावर माझा राग नाय हां, दादा," तो मध्येच म्हणाला. "तुला इचारलं, तू दिसलं तसं बोललास. 'असंल' म्हनलास. मी पन रातभर इचार केला, असंलही. मातीचं काय सांगावं?"

विनोदनं उरलेली भाकरी खाली ठेवली.

काम संपवून निघताना लवू खळ्यात जीपपाशी थांबला. गडद हिरव्या रंगात ती झळकत होती. टप अजून बसवायचं होतं, बाकी सगळं झालं होतं. लवूनं फुटलेला तळवा बॉनेटवर हलकेच ठेवला आणि रंगाला चिखल लागेल म्हणून काढून घेतला.

"सुरू करून दाखव ना."

विनोदनं चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. लवू कान देऊन ऐकत राहिला, आणि त्याचं तोंड खुललं. किल्ली गेल्यापासून ते तसं खुललं नव्हतं. विनोदला ते बघवेना. त्यानं इंजिन बंद केलं आणि डिझेल कमी असल्याचं काहीतरी सांगितलं.

लवू गेल्यावर चंपा तुळशीपाशी पाय धूत होती. पाठ त्याच्याकडेच ठेवून ती म्हणाली, "त्या पोराला उद्या आपल्या मळ्यात बोलवायचं तर तुमीच बोलवा. माझ्यानं त्याला भाकरी वाढवत नाय."

दुसऱ्या दिवशी विनोदनं जीपच्या मागे साखळीनं जाड फळी बांधली आणि गाडी पऱ्यात घातली. पाणी मांडीइतकं होतं. फोरव्हीलचा लिव्हर टाकला, चाकं धोंड्यांवर चढली, उतरली, आणि जीप पलीकडे गेली. किती सहज गेली! बापही अशीच न्यायचा. भराव लागला होता तो एकदाच, टेम्पोसाठी. टेम्पो गेल्यावर त्याच संध्याकाळी तो उपसता आला असता.

गंगुबाईच्या मळ्याचा वरचा तुकडा अजून रेव्यानं भरलेला होता. ती आणि स्वरूप घमेल्यानं रेवा उपसून बांधापलीकडे टाकत होते. विनोदनं फळी मागून सोडून विंचच्या दोराला लावली आणि रेवा ढीग करून काठाकडे खेचायला सुरुवात केली. घमेल्यानं आठवडा लागला असता ते काम दुपारपर्यंत उरकत आलं. स्वरूपच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटल्याचं दिसलं. गंगुबाईनं चहा आणला.

"पी बाबा. घामानं निथळलास."

विनोदनं पेला घेतला नाही. इंजिन बंद केलं.

"काकी, भराव मी काढला नव्हता."

तिला आधी कळलं नाही. "कुठला भराव?"

"पऱ्यातला. तू थांब्यावर इचारलंस तवा काढला म्हनालो. काढला नव्हता. त्यानं पानी तुंबलं, आनि ते तुझ्यात आलं. मी सकाळी फोडला. बॅरल लपवलं." एवढं बोलून त्याला वाटलं की अजून काही बोलायचं राहिलंय, आणि ते त्यानं बोलून टाकलं. "लवूच्या मातीनं काय झालं नाय. मला ठावं होतं."

गंगुबाई पेला हातात धरून उभी राहिली. चहावर पावसाचे थेंब पडायला लागले होते. मग तिनं तो बांधावर नीट ठेवला, सांडू न देता, आणि पुन्हा घमेलं उचललं.  विनोदच्या बाजूनं जाऊन रेवा भरला, डोक्यावर घेतला, टाकून आली, पुन्हा भरला. गाडीनं ओढलेल्या ढिगाला तिनं हात लावला नाही. उरलेला तुकडा हातांनी उपसायला लागली.

बोलला तो स्वरूप. आवाज चढवला नाही त्यानं.

"चार मानसांत मी लवूची गचांडी धरली. तू गप ऱ्हाऊन ती माझ्याकडनं धरवलीस." थांबून तो म्हणाला, "आमच्या मळ्यात रेवा टाकलास तो उपसता येईल. पन ही गोष्ट घेऊन मी त्याच्यापुढं कसा जाऊ?"

"मी जातो."

"जाशीलच तू. पन माझंपन जायचं ऱ्हातंय ना?"

विनोदनं फळी सोडली. जायला निघाला तेव्हा मागून गंगुबाईचा आवाज आला.

"तू दिलेला तरवा लागलाय. तो काय आता उपटून टाकीत नाय मी." मग जरा वेळानं, "खेकडे मात्र मी उगाच धरले."

संध्याकाळी धोंडूआबांच्या अंगणात विनोदनं सगळं पुन्हा सांगितलं. आबांनी त्या दिवशीचीच माणसं बोलावून घेतली होती. लवू खांबाला टेकून ऐकत होता.  शिव्या पडतील अशी विनोदनं मनाची तयारी केली होती. लोकांनी विडी पेटवली, पावसाचं बोलले, उठून गेले. स्वरूप लवूपाशी गेला, दोघं खालच्या आवाजात काही बोलले, लवूनं मान हलवली. विनोदच्या अंगावरून जाताना आबा म्हणाले, "तुझ्या एका शब्दावर मी न्याय केला. आता मला कोन इचारंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोद लवूच्या दारात जीप घेऊन गेला. लवूची बायको दारातून आत गेली.

"शेठकडं जाऊ," विनोद म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

लवूनं शर्ट चढवला. विनोदनं पुढचं दार उघडून धरलं होतं. लवू मागे गेला आणि मागच्या फळीवर बसला, तोंड बाहेरच्या बाजूला करून.

खेडला विनीतशेठ गोदामाच्या दारात उभा होता. विनोद बोलत होता तोवर तो जीपभोवती फिरून बघत राहिला, वाकून पुढचा एक्सल पाहिला, विंचवर बोटं वाजवली.

"मला काय त्याचं?" तो म्हणाला. "गाव नको म्हणालं, मी काढला. आता गावाला चालत असेल तर मला चालतोय. पण त्या मशीनवर दुसरा घेतलाय मी. गणपती झाले की दापोलीला काम निघतंय, तेव्हा ये रे लवू." मग विनोदकडे वळून, "गाडी झकास झालीय. घरीच केलीस? इंजिन कुठलं टाकलंस?"

विनोद गाडीत जाऊन बसला.

परतताना घाटीच्या तोंडाशी पाऊस आला. टप नव्हतं. पुढे काचेचा तरी आडोसा होता, मागे काहीच नव्हतं.

"पुढं ये लवू. भिजशील."

"भिजू दे."

"गणपतीपर्यंत चंपाकडं काम हाय. मजुरी..."

"वैनीनं बोलवलं तर येईन," लवू म्हणाला.

 चढण सुरू झाली. याच चढणीसाठी त्यानं उन्हाळा घातला होता, आणि इंजिन धाप न लागता एका दमात चढत होतं. आरशात त्याला लवूची पाठ दिसत होती. शर्ट अंगाला चिकटलेला, दोन्ही हात फळीच्या कडेला घट्ट धरलेले, तळव्यांना फडकी बांधलेली. रस्ता खड्ड्यांनी भरला होता. विनोदनं गिअर उतरवला आणि मागच्या माणसाला हिसका बसू नये म्हणून एकेक खड्डा चुकवत, पावलाच्या वेगानं गाडी वर न्यायला लागला.